गाडी बंद पडली. पण कशी पडली?

मे महिना लागला की या सदराच्या टपालात एकच तक्रार गावोगावहून येते. कोणी 'गाडी मध्येच बंद पडते' असे लिहितो, कोणी सरळ 'बंद पडी जास' असे अहिराणीत. पुढे बदललेल्या पार्टची यादी असते: पंप, प्लग, कॉइल, कधी आख्खी वायरिंग. बंद पडताना नेमके काय झाले हे मात्र क्वचितच कोणी लिहितो. चावी फिरवल्यासारखे इंजिन फट्कन थांबले, की झटके देत, धापा टाकत विझले? गरम असताना की थंड? चालत्या गाडीत की फाटकाशी उभे असताना? एवढे कळले तरी निम्मे निदान होते, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

प्रश्न (जळगाव): नऊ वर्षांची पेट्रोल कार आहे. दुपारी धुळ्याला निघालो की तासाभराने इंजिन अचानक बंद पडते. वीसेक मिनिटे सावलीत थांबलो की काही झालेच नाही अशा थाटात चालू होते. पेट्रोल पंप आणि प्लग बदलून झाले. सकाळच्या गारव्यात कधीच बंद पडत नाही.

'अचानक', 'गरम झाल्यावर' आणि 'थंड झाल्यावर आपोआप चालू' हे तिन्ही एकत्र आले की पहिला संशय क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरवर, म्हणजे मेकॅनिक ज्याला नुसते 'क्रँक सेन्सर' म्हणतात त्यावर घ्यायचा. क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) कुठे आहे आणि किती वेगाने फिरतोय हे तो ईसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, सांगतो. त्याचा सिग्नल तुटला की ईसीयूच्या लेखी इंजिन फिरतच नसते, म्हणून ते इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) आणि स्पार्क दोन्ही एकदम बंद करते. झटका नाही, मिस मारणे नाही, थेट शांतता. बऱ्याच गाड्यांत या सेन्सरमध्ये केसाहून बारीक तारेची गुंडाळी असते. ती आतून कुठे तडकली असेल, तर थंड असताना टोके जुळलेली राहतात आणि तापल्यावर सुटतात. त्यात बाहेर ४४ अंश आणि बॉनेटखाली त्याच्या दुपटीहून जास्त, म्हणजे त्याला दुसरे निमित्त लागत नाही.

पंप जात असेल तर चित्र वेगळे दिसते. आधी पिकअप तुटतो, ओव्हरटेक करताना गाडी हुंदके देते, पाय सोडला की सावरते आणि मग कधीतरी बंद पडते. तुमच्या पत्रात यातले काहीच नाही, त्यामुळे तुमचा पहिला पंप बहुधा ठीक होता.

पुढच्या वेळी बंद पडली की बॉनेट उघडण्याआधी एवढे करा. चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक घूं असा आवाज आला तर पंपाला करंट पोचतोय. मग सेल्फ मारा आणि आरपीएमच्या काट्याकडे बघा. इंजिन फिरताना काटा थोडा तरी हलायला हवा. तो शून्यावर चिकटून राहिला तर क्रँक सेन्सरचा संशय पक्का होत जातो. (काही गाड्यांत सेल्फ मारताना काटा मुळातच हलत नाही, म्हणून गाडी ठीक असताना एकदा बघून ठेवा.) तिसरी युक्ती जुनी पण खात्रीची: सेन्सरवर ओले फडके गुंडाळा. दोन-तीन मिनिटांत चालू झाली तर चोर सापडला.

सेन्सर बहुतेक गाड्यांत फ्लायव्हीलपाशी किंवा पुढच्या पुलीमागे असतो आणि बहुधा १० नंबरच्या एकाच बोल्टवर बसतो. दोन वायरींचा असेल तर मल्टिमीटरवर रेझिस्टन्स मोजा. थंड असताना साधारण काहीशे ते हजारभर ओहम दिसतो. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. मग गरम असताना, नेमकी बंद पडल्यावर मोजा. मीटर 'ओपन' (तार तुटल्याची खूण) दाखवत असेल तर सेन्सर गेला. तीन वायरींचा सेन्सर बहुधा हॉल पद्धतीचा (गुंडाळीऐवजी चिप असलेला) असतो, त्याला ही चाचणी लागू नाही. त्याचा सप्लाय, अर्थ आणि सिग्नल वेगवेगळे तपासावे लागतात. स्कॅनरवर (ईसीयूतले दोष वाचणाऱ्या यंत्रावर) पी०३३५ किंवा त्याच्या जवळपासचा कोड निघाला तर उत्तमच. पण कोड नाही म्हणून सेन्सर निर्दोष ठरत नाही.

नवीन बसवण्याआधी जुन्याचे टोक बघा. चुंबकाला लोखंडाचा भुगा चिकटलेला असेल तर नुसते पुसूनही फरक पडतो. आणि इथे स्वस्तातला डुप्लिकेट पार्ट घेऊ नका. तो पहिल्या उन्हाळ्यात तुम्हाला पुन्हा त्याच रस्त्यावर उभे करील.

जाता जाता: पंप टाकीतल्या पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्यानेच थंड राहतो. उन्हाळ्यात पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका.

प्रश्न (भुसावळ): एसी लावून रेल्वे फाटकाशी थांबलो की गाडी थरथरते आणि बंद पडते. एसी बंद ठेवला किंवा पायाने थोडी रेस दिली तर ठीक चालते.

पाय उचलल्यावर इंजिनला मिळणारी हवा थ्रॉटलच्या झडपेच्या फटीतूनच येते, आणि त्या फटीभोवती वर्षानुवर्षे काळा कार्बन जमतो. रिकामे इंजिन तेवढ्या हवेवर ७००-८०० आरपीएमला कसेबसे टिकते. एसीचा कॉम्प्रेसर गुंतला की टिकत नाही. रेस दिली की झडप उघडते, म्हणून बरे वाटते.

थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या, पण नीट. बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढा, एअर पाइप सोडवा, थ्रॉटल क्लीनर फडक्यावर मारा आणि झडपेची कड व आतली भिंत पुसून काढा. झडप इलेक्ट्रॉनिक असेल तर बोटाने ढकलून उघडू नका. आतले प्लॅस्टिकचे गिअर तेवढ्याने तुटतात आणि शंभर रुपयांचे काम हजारांत जाते. चाकूने, पॉलिश पेपरने खरवडणे तर नकोच. काही झडपांवर कारखान्यातच एक लेप दिलेला असतो, तो निघाला तर आयडल (पाय उचललेला असतानाचा इंजिनचा वेग) पुन्हा कधी जागेवर बसत नाही. साफसफाईनंतर फट मोठी झालेली असते, पण ईसीयूच्या डोक्यात जुनीच असते. त्यामुळे आरपीएम काही काळ चढलेला राहील. स्कॅनरने 'आयडल लर्न' करून घेतले की तो खाली येतो.

साफ करूनही त्रास राहिला तर दोन ठिकाणी बघा. रेडिएटरचा पंखा एसी लावल्यावर फिरतो का? पंखा मेला किंवा एसीच्या कंडेन्सरच्या (रेडिएटरपुढच्या) जाळीत धूळ आणि कापसाचे तंतू भरले की उभ्या गाडीत गॅसचे प्रेशर चढते आणि कॉम्प्रेसर जड होतो. गाडी धावत असताना वारा लागतो, म्हणून तेव्हा काहीच जाणवत नाही. जाळी साध्या नळीने धुवा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने तिचे पातळ पत्रे आडवे पडतात. दुसरे, आयडलला असताना ब्रेक दाबून धरा. आरपीएम बदलला आणि पायापाशी सूंऽ असा आवाज आला तर ब्रेक बूस्टर (ब्रेक हलका करणारा डबा) किंवा त्याचा पाइप हवा खातोय. हे दुखणे आयडलचे वाटते, पण ब्रेकचे असते. ते आधी करा.

प्रश्न (शहादा): पेट्रोल भरले की पंपावरच सेल्फ लांबतो, चालू होऊन बंद पडते. दोन-तीनदा केल्यावर ठीक. पेट्रोलमध्ये भेसळ असेल का?

प्रत्येक वेळी आणि प्रत्येक पंपावर होत असेल तर भेसळ नाही. पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यात साठते आणि ईसीयू सवडीने ती या व्हॉल्व्हमधून इंजिनात ओढते. व्हॉल्व्ह बंदच होत नसेल तर भरताना उठलेली सगळी वाफ एकदम आत जाते आणि इंजिन पेट्रोलाने गुदमरते. व्हॉल्व्ह काढा, करंट न देता तोंडाने फुंका. हवा पार गेली तर बदला. नोझल कट झाल्यावर 'अजून पन्नासचे टाक' म्हणत काठोकाठ भरण्याची सवय असेल तर ती सोडा. त्या डब्यात द्रव पेट्रोल शिरले की डबा आणि व्हॉल्व्ह दोन्ही जातात.

एकाच पंपावर भरल्यानंतर एक-दोन किलोमीटरवर बंद पडत असेल, तर मात्र पारदर्शक बाटलीत नमुना काढून अर्धा तास ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर पाणी आहे.

प्रश्न (चोपडा): केळी भरून शिरपूरमार्गे इंदूरला जाणारी डिझेल पिकअप गाडी बिजासनच्या चढावर पिकअप तोडते आणि बंद पडते. फिल्टरवरचा हँडपंप मारला की पुन्हा चालते. सपाटीवर, रिकामी असताना काही त्रास नाही.

हँडपंपाने चालू होते यातच उत्तर आले: इंजिनला डिझेल कमी पडतेय. भरल्या गाडीने चढावर जेवढे डिझेल लागते तेवढे टाकीतून ओढले जात नाही, किंवा डिझेलबरोबर हवा ओढली जातेय. डिझेलने हवा घेतली की झाले. हवा दाबली जाते, पण इंजेक्टर उघडत नाही.

फिल्टर कधी बदलला हे आठवत नसेल तर आधी तोच बदला. बदलताना जुना रबरी रिंग फिल्टरला चिकटून आला की हाउसिंगवरच राहिला ते बघा, कारण दोन रिंग एकावर एक बसल्या की तिथूनच हवा शिरते. नवीन रिंगला डिझेल लावा. मग हँडपंप घट्ट होईपर्यंत मारा आणि ब्लीड स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा सोडा.

तरीही बंद पडली तर हवेची वाट शोधा. टाकी ते फिल्टर या भागात प्रेशर नसते, ओढ असते. म्हणून तिथली गळती बाहेर दिसत नाही. डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. फिल्टरपुढच्या पाइपात हातभर पारदर्शक नळी जोडा आणि इंजिन चालू ठेवून रेस द्या. मण्यांसारखे बुडबुडे धावताना दिसले तर मागच्या प्रत्येक जोडावर क्लिप, कडक झालेला रबरी पाइप आणि तांब्याचे वायसर तपासत टाकीपर्यंत जा. बुडबुडे नाहीत, पण नळी ओढीने चपटी होतेय? मग टाकीतली जाळी बुजली आहे. टाकीचे झाकण उघडताना हवा आत गेल्याचा फस्स आवाज येत असेल तर दोष झाकणाच्या श्वासछिद्राचा. तेही बघा, असले फुकटचे काम सगळ्यात शेवटी आठवते.

शेतावरच्या कॅनमधले डिझेल टाकत असाल तर पावसाळ्यात फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू दर आठवड्याला दीड आटा सैल करून पाणी काढा. निघालेले ग्लासात धरा. पाणी तळाशी बसते, वर डिझेल. स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडत राहा.

एक गोष्ट ठासून सांगायची आहे. गाडी कॉमन रेलची (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जबर प्रेशरने डिझेल देणारी) असेल तर इंजिन चालू असताना इंजेक्टरचा लोखंडी पाइप सैल करून 'कोणता सिलिंडर मेलाय' बघायचे नाही. जुन्या पंपाच्या गाड्यांवर शिकलेले हात अजून हे करतात. कॉमन रेलमध्ये प्रेशर हजार बारच्या वर जाते आणि ती धार कातडी फाडून आत शिरते. रेल प्रेशर स्कॅनरवरच बघा. चढावर बंद पडल्यानंतर पी००८७ कोड निघाला तर 'रेल प्रेशर कमी' असा त्याचा अर्थ. तो कोड हाय प्रेशर पंपाचाच आहे असे कोणी ठरवून टाकले तर आधी फिल्टर आणि सक्शन पाइपची हमी मागा.

प्रश्न (धुळे): बाहेरून सीएनजी किट बसवले आहे. धावत्या गाडीत पाय उचलून क्लच दाबला की इंजिन बंद. थंडीत जास्त. किटवाला म्हणतो गाडीचा दोष, गाडीचा मेकॅनिक म्हणतो किटचा.

भांडण एका मिनिटात मिटते. गाडी पेट्रोलवर टाका आणि तेच करून बघा. पेट्रोलवरही बंद पडली तर किटला हात लावू नका. वर भुसावळच्या वाचकांना सांगितलेली थ्रॉटलची सफाई करा. किट पेट्रोलच्या इंजेक्टरचा वेळ बघूनच गॅसचा हिशेब करते, त्यामुळे पेट्रोलवरचे बिघडलेले गणित गॅसवर दुप्पट बोचते.

फक्त गॅसवर होत असेल तर क्रम असा ठेवा: एअर फिल्टर, प्लग, गॅसचा लो प्रेशर फिल्टर, मग रिड्यूसर (गॅसचे प्रेशर उतरवणारा भाग), आणि सगळ्यात शेवटी लॅपटॉप लावून मॅपिंग (गॅस किती सोडायचा याचे गणित). गॅसला ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते. प्लगची गॅप झिजून एक मिलिमीटरच्या वर गेली असेल तर पेट्रोलवर चालून जाते, गॅसवर नाही. ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवा.

'थंडीत जास्त' हे शब्द मात्र दुसरीकडे बोट दाखवतात. सिलिंडरमधला २०० बारचा गॅस रिड्यूसरमध्ये एकदम दोनेक बारवर येतो आणि त्यामुळे रिड्यूसर बर्फासारखा गार पडतो. त्याला ऊब देण्यासाठी इंजिनचे गरम कूलंट त्यातून फिरवलेले असते. आता एक विचारतो: मागे कधी गाडी तापत होती म्हणून मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून टाकला आहे का? आपल्याकडे हा घरगुती इलाज सर्रास चालतो. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशाला उघडतो आणि तोपर्यंत कूलंट इंजिनातच फिरवून ते लवकर तापवतो. तो काढला की धुळ्याच्या जानेवारीतल्या सकाळी इंजिन तासभर चालूनही पुरते तापत नाही, रिड्यूसर गारठतो आणि गॅसचे प्रेशर खालीवर होते. इंजिन थंड आहे असे समजून ईसीयू पेट्रोलही जास्त सोडत राहते. थर्मोस्टॅट परत बसवा. गाडी तापत असेल तर तिचे कारण रेडिएटरमध्ये, पंख्यात किंवा गॅस्केटमध्ये शोधा. दोन्ही पाइपांना हात लावून रिड्यूसर गरम होतोय का बघा, आणि टाकीतली कूलंटची पातळीही.

गॅसवर चालवता म्हणून पेट्रोलची टाकी कोरडी ठेवू नका. पुष्कळ किटमध्ये गॅसवर असतानाही पंप फिरतच असतो आणि कोरडा फिरला की जळतो.

प्रश्न (साक्री): २०१२ची कार महिनोन् महिने उभी असते. पावसाळ्यानंतर काढली की अडखळते, बंद पडते. २० टक्के इथेनॉलचा दोष का?

काही अंशी. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते, आणि अर्ध्या रिकाम्या टाकीत हवा भरपूर असते. पाणी प्रमाणाबाहेर झाले की इथेनॉल पाण्यासह तळाशी बसते, आणि पंप तळातूनच ओढतो. उभी ठेवायची तर टाकी भरून ठेवा आणि पंधरवड्याला वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणा. एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाड्यांतल्या रबरी पाइपांवर लक्ष असू द्या. फुगलेला, चिकट झालेला पाइप बदला. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून मायलेज थोडे घटेल. पण त्याने चालू गाडी बंद पडत नाही.

प्रश्न (नंदुरबार): रात्री दिवे मंद झाले, डॅशबोर्डचे सगळे लाल दिवे लागले आणि गाडी बंद. धक्का मारूनही चालू झाली नाही.

अल्टरनेटर चार्ज करत नव्हता आणि गाडी बॅटरीवर चालत होती. बॅटरी दमली तशी ईसीयू आणि पंपही दमले. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. बंद करून तासाभराने १२.६. चालू असताना १३ च्या खाली असेल तर बेल्ट, अल्टरनेटरचे कार्बन ब्रश आणि इंजिनची अर्थ पट्टी या क्रमाने बघा.

अल्टरनेटर तपासायला चालू गाडीचे टर्मिनल काढून बघणाऱ्याकडून गाडी परत घेऊन या. त्या क्षणी व्होल्टेज उसळते आणि ईसीयू उडू शकते.

प्रश्न (चाळीसगाव): कन्नड घाट उतरताना इंजिन बंद पडले तर ब्रेक लागतात का?

लागतात, पण बूस्टरची मदत मोजकीच. बूस्टरमध्ये साठलेली ओढ दोन-तीन दाबांना पुरते. म्हणून पंप करत बसू नका. एकदाच दाबा आणि दाबून धरा. गाडी गिअरमध्ये राहू द्या आणि क्लच सोडलेला ठेवा. चाके इंजिनला फिरवत राहतात, त्याने वेगही आवरतो आणि बूस्टरला ओढही मिळत राहते. स्टिअरिंग जड होईल, दोन्ही हातांनी वळवा. चावी काढू नका, नाहीतर स्टिअरिंग लॉक होते. डोंगराच्या बाजूला घेऊन थांबा, हँडब्रेक ओढा, पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला उताराच्या बाजूने दगड लावा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे.

प्रश्न (अमळनेर): रेल्वेखालच्या बोगद्यात पाण्यात गाडी बंद पडली. बाहेर ढकलून काढली आहे. चालू करून बघू का?

नाही. एकदाही नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पेलाभर पाणी असताना सेल्फ मारला तरी कनेक्टिंग रॉड (पिस्टनचा दांडा) वाकू शकतो. बॅटरी काढा आणि एअर फिल्टरचा डबा उघडा. फिल्टर कोरडा असेल तर बहुधा वाचलात. ओला असेल तर प्लग (डिझेलला इंजेक्टर किंवा ग्लो प्लग) काढून इंजिन हाताने फिरवा, पाणी बाहेर येऊ द्या. ऑइलची डिपस्टिक बघा. ऑइल चहासारखे दुधट दिसले तर ते आणि फिल्टर बदलल्याशिवाय पुढे जायचे नाही. गाडी टोइंगवर न्या. विम्यात इंजिन प्रोटेक्शन घेतलेले नसेल तर सेल्फ मारून झालेले नुकसान कंपनी बहुधा नाकारते.

प्रश्न (पाचोरा): कापूस घरात असतो तेव्हाच गाडी मिस मारते, बंद पडते. योगायोग?

उंदीर. सरकी खायला येतात आणि उबेला बॉनेटखाली शिरतात. इंजेक्टर आणि ऑक्सिजन सेन्सरच्या वायरी टॉर्च घेऊन बघा. कुरतडलेल्या वायरीला नुसती टेप लावू नका, सोल्डर करून श्रिंक स्लीव्ह चढवा. एअर फिल्टरच्या डब्यातही बघा, तिथे कापसाचे घरटे सापडण्याची बरीच शक्यता आहे.